रकान्यात ‘सदर’ लिहिलंय

व्हिजिटिंग कार्डावर काय छापायचं यावर आमच्या घरात तीन दिवस वाद चालला. आप्पांचं म्हणणं, नावाखाली ‘एम.ए., सेट’ (सेट म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) आलंच पाहिजे, एवढी वर्षं शिकलीस ती काय लपवायला? धाकट्या भावाचं म्हणणं, ‘मोडी तज्ज्ञ’ लिही (मोडी म्हणजे मराठी लिहायची जुनी लिपी), तज्ज्ञ म्हटलं की लोक घासाघीस करत नाहीत. मला नुसतं ‘मोडी कागद वाचून मिळतील’ एवढंच हवं होतं. ते ‘इथे चाकूला धार लावून मिळेल’सारखं दिसतं, असं म्हणून आईने ते मोडीत काढलं. शेवटी ‘मोडी-मराठी लिप्यंतर’ ठरलं. प्रेसवाल्याने प्रूफ पाठवलं त्यात ‘मोदी लिपी’. दुरुस्त करून पाठवलं, तर दुसऱ्या प्रूफात ‘मोडी-मराठी लिपस्टिक’. हे खोटं वाटेल, पण मोबाइलवर बोलून टाइप करतात हल्ली सगळे.

इतिहासात एम.ए. करून मला अकरा वर्षं झाली. साताऱ्यात बी.ए., मग पुण्यात विद्यापीठात. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांना इतिहास नको होता, हॉस्टेल हवं होतं. एम.ए.ला नाव घातलं की दोन वर्षं राहायची सोय होते, जयकर ग्रंथालयात बसता येतं आणि राज्यसेवेचा अभ्यास करता येतो. यात मी कुणाला नावं ठेवत नाही. मीही त्यातलीच होते. एक जण मात्र खराखुरा वेडा होता, दर शनिवारी रात्री बॅग भरून कुठल्यातरी गडाकडे निघायचा. आम्ही त्याला हसायचो. आज तो लोकांना गड दाखवतो, त्यावरच त्याचं घर चालतं. गेल्या वर्षी जुलैत, म्हणजे २०२५ मध्ये, युनेस्कोच्या यादीत आपले बारा किल्ले गेले (त्यातला जिंजी तमिळनाडूत आहे, हे तो प्रत्येकाला मुद्दाम सांगतो), तेव्हापासून त्याचे रविवार सहा-सहा महिने आधी भरतात.

माझी गाडी दुसऱ्या वर्षाच्या प्रबंधिकेपाशी अडकली. विषय घेतला होता आमच्या भागातले आठवडी बाजार, पेशवाईतले. सर म्हणाले, पुस्तकातून किती उतरवशील, जुने सरकारी कागद ठेवतात त्या पुराभिलेखागारात जा. गेले. पेशवे दफ्तर हे नाव मी शाळेपासून ऐकत होते, पण ते एखादं कपाट असेल अशी माझी कल्पना. तिथे कोट्यवधी कागद आहेत. रियासतकार सरदेसायांनी १९३०च्या सुमारास त्यातले निवडक कागद छापले, ते ४५ भाग झाले, आणि तो समुद्रातला तांब्याभर! मी अर्ज भरला, सरांचं पत्र जोडलं, रुमाल मागितला. रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं. शिपाईमामांनी तो टेबलावर आणून ठेवला, मी गाठ सोडली, वरचा कागद उलगडला आणि मला एक अक्षर वाचता आलं नाही.

एक अक्षर नाही. एका ओळीत सलग वेटोळी, शब्द कुठे संपतो ते कळेना, पूर्णविराम नाही. भाषा माझीच. माझ्या खापरपणजोबांना कुणी हा कागद वाचून दाखवला असता तर त्यांना कळला असता. आणि मी इतिहासाची पदव्युत्तर विद्यार्थिनी तिथे बसून त्या कागदाचा वास घेत होते. अर्ध्या तासाने मामांनी विचारलं, “झालं का वाचून?” मी म्हटलं, “झालं.” गाठ बांधताना हात थरथरत होते. लाजेने, दुसरं काही नाही. प्रबंधिका मी छापील पुस्तकांवरूनच लिहिली. चांगले मार्क मिळाले, याचं जास्त वाईट वाटलं.

परीक्षा संपल्यावर मे महिन्यात मोडीचा दहा दिवसांचा वर्ग लावला. शिकवणारे एक निवृत्त गृहस्थ होते, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. पहिल्या दिवशी त्यांनी अक्षर काढूच दिलं नाही. कागदभर नुसत्या आडव्या रेघा ओढून घेतल्या. देवनागरीत आपण अक्षर काढून मग डोक्यावर रेघ देतो, मोडीत आधी रेघ आणि अक्षरं तिला टांगायची, हात न उचलता. “धुणं वाळत घालतेस ना, तसं,” म्हणाले. ऱ्हस्व-दीर्घ सोडून दे, म्हणाले, ते मोडीत नाही. हे ऐकून वर्गातल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या.

मग सन. जुन्या कागदांवर सुहूर सन अरबी अंकशब्दांत लिहिलेला असतो: सीत सबैन मया व अलफ. सहा, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे ११७६. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७५, आणि जानेवारी ते मृगाच्या आधीपर्यंतचा कागद असला तर ६०० मिळवायचे, कारण हे वर्ष मृगाला सुरू होतं. शेतकऱ्याच्या पोरीला हे बरोबर पटलं. वर्ष पावसाला सुरू व्हावं, एक जानेवारीला काय असतं? सुट्टीत घरी मटार सोलताना मी इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा पाठ करत बसायचे. आजी आईला म्हणाली, पोरीला पुण्यात कुणी काही केलंय का बघ.

पण दहा दिवसांत मोडी येत नाही. दहा दिवसांत मोडी येत नाही एवढं कळतं. पुढची तीन वर्षं मी राज्यसेवेला दिली, पेठेत अभ्यासिकेची खुर्ची धरून. पूर्व दोनदा निघाली, मुख्य एकदाही नाही. त्या काळाबद्दल मला फार लिहायचं नाही, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. एवढंच सांगते की रात्री अकराला अभ्यासिकेतून आल्यावर डोकं बधिर झालं की मी मोडीचं एखादं पान काढून लावत बसायचे. मैत्रीण शब्दकोडं सोडवायची, तसं. हात बसला तो त्या रात्रींत. तीन वर्षांची कमाई म्हणाल तर ती.

मग सेट झाले आणि एका कॉलेजात तासिका तत्त्वावर लागले. मुलांना वाटायचं मॅडम आहेत, पगार असणार. मानधन तासावर, तेही सहा-सहा महिने थकायचं, दिवाळीची सुट्टी बिनपगारी, उन्हाळ्याची तर अर्थातच. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला मी इतिहासलेखनशास्त्र शिकवायचे. बहिरंग परीक्षण, अंतरंग परीक्षण. कागद खरा आहे का ते आधी बघायचं, मग कागद खरं बोलतोय का ते बघायचं. पंधरा मार्कांचा हमखास प्रश्न. मुलं पाठ करायची, मीही पाठच शिकवत होते. २०२० साली कॉलेज बंद झालं, परत उघडलं तेव्हा त्यांनी मला बोलावलं नाही. बोलावलं नाही हे सांगायलाही कुणी फोन केला नाही.

२०२३च्या पावसाळ्यानंतर अचानक फोन वाजायला लागला. मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलेलं, कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमलेली आणि तालुक्यातालुक्यांतून जुनी दप्तरं बाहेर निघत होती. जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४, कोतवाल बुक, शाळांची जनरल रजिस्टरं. त्यातली जुनी निम्मी मोडीत. आणि वाचणार कोण? शाळेतून मोडी गेली, तेव्हा कुणाला वाटलं होतं की एक दिवस लोक मोडी वाचणारा माणूस शोधत एस.टी.ने फिरतील! ज्या पाहुण्यांनी माझ्या लग्नाच्या बायोडेटावर ‘इतिहास? बरं बरं’ म्हणून चहा संपवला होता, त्यांचाही फोन आला.

ते दोन-तीन महिने मी रोज आठ-नऊ तास रजिस्टरं वाचली. पेशवाईतली मोडी परवडली, एवढी ही इंग्रजी अमदानीतली घाईची मोडी अवघड. टाकाने ओढलेली, शाई फुटलेली, लिहिणाऱ्याला कंटाळा आल्याचं अक्षरावरून दिसणारी. पुरुष असला तर ‘अमुक बिन तमुक’ (तमुकचा मुलगा), बाई असली तर ‘अमुक कोम तमुक’ (तमुकची बायको), तान्हं मूल असलं तर नावच नाही, नुसतं ‘मुलगी’. मरणाच्या कारणात ताप, खोकला, पटकी, देवी. मी शोधत असायचे जातीचा रकाना, पण डोळा शेजारच्या रकान्यांत जायचाच.

एका गावचं १९१८चं रजिस्टर माझ्या डोक्यातून जात नाही. लहान गाव, मृत्यूचं एक पान भरायला तीन-तीन महिने लागायचे. ऑक्टोबर उजाडला आणि पान आठवड्यात भरलं. ताप, ताप, ताप, त्याच खाली ताप. एका दिवशी चार नोंदी, त्यात एकाच घरातल्या दोन. इन्फ्लुएंझाची साथ, हे मी वर्गात दोन ओळींत शिकवलं होतं. महिन्याच्या मध्यावर अक्षर बदललं. आधीचं गोल, ठसठशीत. हे नवं तिरकं, शिकाऊ हाताचं, रेघ सोडून खाली घसरणारं. मी हातातलं पेन ठेवलं. ज्याच्या खापरपणजोबासाठी हे उघडलं होतं तो मुलगा समोर बसलेला, म्हणाला, “काय झालं मॅडम, सापडलं का?” मी पुढची पानं भराभर चाळली. डिसेंबरात गोल अक्षर परत आलं. जरा थकलेलं, पण तेच. मला इतका आनंद झाला की मी त्या मुलाला सांगितलं, “वाचला!” तो म्हणाला, “कोण?” नाव मला कुठे माहीत होतं. लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव कुठेच लिहिलेलं नव्हतं.

भाऊ म्हणतो, हे सगळं आता एआय करणार. रुरकीच्या आयआयटीने मोडीचं देवनागरी करून देणारी प्रणाली बनवली आहे, त्याने मला बातमी पाठवली होती, डोळा मारणाऱ्या चेहऱ्यासकट. करू दे. तंजावरपासून पुण्यापर्यंत इतके कागद पडलेत की माझ्यासारख्या हजार जणी बसल्या तरी उरतील. आत्ता नोंदींची गर्दी ओसरली आहे. वकील येतात जुनी खरेदीखतं घेऊन, देवस्थानांच्या सनदा येतात, कुणाला घराण्याचा इतिहास लिहायचा असतो (यांना पूर्वज सरदारच हवे असतात, कर्जाचा कागद निघाला की गप्प होतात). पानाला दोनशे रुपये, फाटलेलं असेल तर तीनशे. रविवारी मोडीचा ऑनलाइन वर्ग घेते. महिना कधी बारा हजारांचा, कधी तीसचा. बी.ए.ला इतिहास घेऊ का, असं विचारणाऱ्या पोरींना मी हे आकडे सांगते. पुढे मग त्यांचं त्या बघतील.

आता त्या ‘सदर’चं. त्याच गर्दीत एक सत्तरीचे आण्णा आणि त्यांचा मुलगा आले होते. गावही त्यांचंच, पणजोबांच्या जन्माची नोंदही बरोबर सापडली, नाव, बापाचं नाव, वाडी, सगळं जुळलं. जातीच्या रकान्यात ‘सदर’. म्हणजे वरच्यासारखंच. वरच्या ओळीतही सदर, तिच्या वर सदर, पानाच्या पहिल्या ओळीतही सदर. आणि मागचं पान वाळवीने खाल्लेलं, शिवणीपाशी दोन बोटं कागद उरलेला.

मुलगा म्हणाला, “ताई, सगळं गाव एकाच जातीचं आहे, तुम्ही लिहा की.” असेलही. मला स्वतःला वाटत होतं की मागच्या पानावर कुणबीच असणार. पण माझं काम कागदावर काय आहे ते लिहायचं, कागदावर काय असणार ते नाही. मी लिहिलं: ‘जात: सदर (मागील पान नष्ट)’. तो संतापला. म्हणाला, तुमच्या एका शब्दावर माझ्या पोरीची ॲडमिशन आहे. त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं, अजूनही नाही. आण्णा मात्र बराच वेळ ते ‘सदर’ बोटाने बघत होते. मला म्हणाले, “ह्ये आमच्या आज्याच्या बापाचं नाव, कुठलं कुठलं अक्षर, दाखवा बरं.” मी एकेक अक्षर दाखवलं. त्यांनी पैसे दिले, मी घेतले नाहीत, त्यांनी टेबलावर ठेवून दिले.

गेल्या आठवड्यात त्या मुलाचा व्हॉट्सॲप आला, इतक्या दिवसांनी. पणजोबांच्या सख्ख्या भावाची नोंद दुसऱ्या गावच्या शाळेच्या रजिस्टरात मिळाली म्हणे, बघून सांगा. फोटो उघडला. नाव स्पष्ट, बापाचं नाव तेच, वाडी तीच. जातीच्या रकान्यावर पान धरणाऱ्याचा अंगठा आलेला. मी कळवलं: अंगठा काढून परत पाठवा.