जुनं एअर पिस्तूल: पैसे कुठे घातले, कुठे वाचवले

सेकंडहँड १० मीटर मॅच पिस्तूल घेतलं की रेंजवर सगळे आधी ग्रिप बदलायला सांगतात. मी आधी हवा कुठून जाते ते शोधलं.

पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर २०० बार दाबानं भरून रात्रभर सुटा ठेवला, दाबाचा काटा हलला नाही. पिस्तुलाला जोडून ठेवला तर उतरला. म्हणजे गळती जोडणीत. साबणाचं पाणी लावल्यावर बुडबुडेही तिथेच आले. सिलिंडर सोडवला, पेलेट (शिशाची छोटी गोळी) न घालता ट्रिगर दाबून आत उरलेली हवा काढली आणि मगच ओ-रिंग, म्हणजे जोडणी हवाबंद करणारी रबरी कडी, उपसली. कडेनं चपटी झालेली, एका जागी चिरलेली. अशी रिंग हायड्रॉलिकच्या दुकानात चहाच्या पैशांत मिळते, पण न विचारता ७० शोअर कडकपणाची हातात ठेवतात. एवढ्या दाबाला ती फटीत ढकलली जाऊन कातरते. ९० शोअरचीच मागावी. बसवताना सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवलं की झालं. शिवणयंत्राचं तेल अजिबात नको, उच्च दाबाच्या हवेत ते पेट घेऊ शकतं.

मग क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजायचं यंत्र. ०.५३ ग्रॅमची पेलेट सेकंदाला १५० मीटरच्या आसपास, फरक दोन-तीनचा. थोडं थांबून मारलेला पहिला शॉट दर वेळी वेगळाच जात असता, तर रेग्युलेटरवर, म्हणजे प्रत्येक शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागावर, संशय घेतला असता. ते काम आर्मररचं (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याचं), घरी उघडू नये.

सिलिंडरवरची तारीख वाचा. मुदत साधारण १० वर्षांची. ती उलटली असेल तर नवा घ्यायचा, इथे काटकसर नको.

महागड्या पेलेटचं मला पटत नाही. पिस्तुलाचं दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं आणि पात्रता फेरीत गुण पूर्णांकात. नळी शिकंज्यात धरून ४.४९ आणि ४.५० मिलिमीटर व्यासाच्या पेलेट मारून पाहिल्या. ग्रूपमधला (छिद्रांच्या पसाऱ्यातला) फरक या वर्तुळात हरवून जातो. रायफलवाल्यांचं वेगळं, त्यांचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि गुण दशांशात.

ट्रिगर नवा घेतला नाही. स्पर्धेच्या नियमानं ट्रिगरवर टांगलेलं ५०० ग्रॅमचं वजन ट्रिगर न सुटता उचललं गेलंच पाहिजे, म्हणून स्क्रू फिरवून ५१० वर ठेवला.

ग्रिपवर मात्र खर्च करावा, तोही आधी वूड पुट्टी आणि सँडपेपर वापरून आपल्या हाताचा आकार नक्की झाल्यावर. ग्रिपची तळव्याखालची फळी वाढवताना स्पर्धेच्या तपासणीतल्या ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत पिस्तूल बसतं का ते बघत राहा. जाडीच्या ५० मध्येच बहुतेकांचं अडतं.