दोन टनांची खोली

जुलैतल्या एका दुपारी गोव्यातल्या मांद्र्याहून एका आजींचा फोन आला. "एसी चालू आहे रे, पण खोली घामेजते. आजोबांची चादर दिवसातून दोनदा बदलते मी." एसी थंड करत नाही, पाणी गळतं, आवाज करतो, बंद पडला, या चार तक्रारींवर माझा धंदा चालतो. खोली घामेजते, असं एकवीस वर्षांत कोणी इतकं नेमकं सांगितलं नव्हतं.

घर कौलारू, मागे फणस, समुद्र जवळच. अर्धांगाच्या झटक्यानंतर आजोबा अंथरुणावरच असतात. खोलीत पाऊल टाकलं तर अंगावर काटा आला. रिमोटवर अठरा. भर जुलैत आजोबांच्या अंगावर दोन गोधड्या होत्या आणि दोन्ही हाताला ओलसर लागत होत्या. खिडकीच्या काचेला बाहेरून घाम फुटलेला, आणि कपाटामागची भिंत बुरशीने काळी-हिरवी. अंगाला चिकट वाटलं की आजी एसी एकेका आकड्याने खाली आणत होत्या. त्यांच्या जागी कोणीही हेच केलं असतं.

फेब्रुवारीत दुसऱ्या एका मेकॅनिकने येऊन 'गॅस कमी आहे' म्हणून पैसे घेतले होते. मी गेज लावला. एसीतल्या आर-३२ गॅसचं प्रेशर १३० पीएसआयच्या आसपास, म्हणजे अगदी जिथे हवं तिथे. आमच्या धंद्यातला हा रोगच आहे. कुठलीही तक्रार असो, गॅस भरायचा आणि निघायचं. गॅस काही स्कूटरचं पेट्रोल नव्हे, वापरून संपायला. बंद सर्किटात तोच फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी लीक आहे, आणि लीक न शोधता जो गॅस भरतो तो गिऱ्हाइकाला फसवतो, असं मी तोंडावर म्हणतो. त्यामुळे म्हापशात माझे मित्र कमी आहेत.

ड्रेन पाइप बादलीत सोडला, खोलीत आर्द्रतेचा मीटर ठेवला आणि स्टुलावर बसून राहिलो. कॉम्प्रेसर चार मिनिटं चालला, थांबला, दहा मिनिटांनी पुन्हा लागला. अर्ध्या तासात बादलीत पेलाभरसुद्धा पाणी नाही. मीटरवर २० डिग्री आणि ८२ टक्के.

एसी हवा थंड करतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. हवेतलं पाणीही तोच काढतो, आणि गोव्याच्या पावसाळ्यात हेच काम मोठं. पण त्यासाठी कॉइल, म्हणजे आतल्या थंड नळ्यांची जाळी, बराच वेळ थंड राहावी लागते. आधी ती ओली होते, मग थेंब धरतात, मग ते ओघळून ट्रेमध्ये पडतात. इथे मशीन खोलीच्या मानाने इतकं मोठं होतं की चार मिनिटांत थर्मोस्टॅट समाधानी होई आणि कॉम्प्रेसर बंद पडे. ब्लोअर मात्र चालूच. कॉइलवर जमलेलं पाणी ट्रेपर्यंत पोचायच्या आत तो पुन्हा खोलीत फुंकून टाकत होता. दिवसभर हेच चाललेलं.

दहा बाय बाराची खोली, दिवसभर फणसाची सावली, आत एक माणूस आणि एक बल्ब. आणि भिंतीवर दोन टन, तेही इन्व्हर्टर नसलेलं, म्हणजे कॉम्प्रेसर चालला तर पूर्ण जोरात, नाहीतर बंद. कोणी लावलं हे, असं मनात म्हणतच मी फिल्टर काढायला पुढचं झाकण उघडलं. आतल्या बाजूला काळ्या मार्करने तारीख होती, १२-४-१९, आणि खाली माझी खूण. लावलेल्या प्रत्येक मशीनमध्ये मी ती अभिमानाने करतो.

मग सगळं आठवलं. दुकानातून फोन आला होता, मोठ्या मुलाने पैसे पाठवलेत, सगळ्यात मोठा लाव. मी पाइपिंग झकास केलं होतं. फ्लेअर, म्हणजे जोडासाठी पसरवलेली पाइपाची टोकं, नीट केले, पंप लावून अर्धा तास व्हॅक्यूम केला. बरेच जण मशीनमधलाच थोडा गॅस सोडून पाइपातली हवा ढकलून देतात आणि पाच मिनिटांत मोकळे होतात, पण आत राहिलेला ओलावा कॉम्प्रेसरचं तेल खराब करतो. हे सगळं मी केलं. खोली मात्र मोजली नाही. टेप खिशातच होता.

संध्याकाळी सातला मुलाशी बोललो. तो कॅनडात विनिपेगला असतो, तिकडे सकाळ होती. "लहान एसी? मी अडीच टनांचं विचारणार होतो," तो म्हणाला. साहजिक होतं. पैसा जास्त घाला, मशीन मोठं घ्या, म्हणजे बाबांना आराम, एवढंच त्याला तिथून दिसत होतं.

बोलता बोलता कळलं की त्याने गेल्या वर्षीच स्वतःच्या घरी हीट पंप बसवून घेतलाय. तेही आपल्या एसीचंच भावंड. आत एक उलटवणारा व्हॉल्व्ह असतो. तो फिरला की पंप बाहेरच्या गार हवेतली उष्णता ओढून घरात सोडतो. बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरला की काही मिनिटं उलटा फिरून स्वतःच तो वितळवतो. त्याचं मशीन उणे २५पर्यंत चालतं, त्याखाली गेलं की घर तापवायची जुनी गॅसची भट्टी पेटते. मी विचारलं, "दादा, बसवायच्या आधी त्या लोकांनी काय केलं?" तो म्हणाला, दिवसभर मोजत होते. प्रत्येक खोली, खिडक्यांच्या काचा, भिंतीतलं इन्सुलेशन. दारात मोठा पंखा लावून घरात हवा कुठून शिरते तेही पाहिलं. जुनी भट्टी गरजेच्या दुप्पट होती म्हणे.

मी म्हटलं, "तुमच्या घराला एक अख्खा दिवस दिला. बाबांच्या खोलीला मी पाच मिनिटं दिली नाहीत. चूक माझी आहे."

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आता मोजून सांगा."

दुसऱ्या दिवशी मोजली. भिंती, खिडकी, वरचा लाकडी माळा. हिशेब टनाच्या आतच बसला. आधी कौलांकडून माळ्यात येणाऱ्या फटी आणि पाइपाभोवतीचं भोक बुजवलं. बाहेरची दमट हवा तिथूनच शिरत होती, ते सोडून मशीन बदलण्यात अर्थ नव्हता. मग एक टनाचा इन्व्हर्टर लावला, मजुरी घेतली नाही. जुना दोन टनांचा बाहेरच्या मोठ्या हॉलमध्ये गेला, तिथे तो शोभतो. रिमोट २५वर ठेवला आणि आजींना सांगितलं, बटणाला दोन दिवस हात लावू नका.

पहिल्या तासात बादलीत लिटरभर पाणी पडलं. आजी बादलीत वाकून बघत राहिल्या. "एवढं पाणी ह्यांच्या छातीत जात होतं काय रे?" मला उत्तर देता आलं नाही. चौथ्या दिवशी गेलो तेव्हा मीटरवर ५८ टक्के होते आणि आजोबांच्या अंगावर फक्त पातळ चादर. त्यांना नीट बोलता येत नाही. त्यांनी चांगला हात उचलून चादर चिमटीत धरली आणि मला दाखवली. कोरडी होती.

सहा पावसाळे. आजोबांचा खोकला त्या ओलीने वाढला की वयाने, हे डॉक्टर सांगतील. मला एवढंच माहीत आहे की फेब्रुवारीतल्या त्या मेकॅनिकला मी शिव्या घातल्या तेव्हा झाकण उघडायचं होतं.

२०२३मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडण्यात जो तो खोल्या काढतोय. फोन येतो तो टनावरूनच. "दीड टन केवढ्याला, दोन टन केवढ्याला?" खोली केवढी, हे दुकानदार विचारत नाही, गिऱ्हाईक सांगत नाही, आणि मोजून लहान मशीन सुचवलं तर दुकानाचं कमिशन कमी होतं म्हणून मेकॅनिकही गप्प. आता टेप लावल्याशिवाय मी हो म्हणत नाही. त्यापायी दोन दुकानांनी मला कामं देणं बंद केलंय.

परवा जुन्या डायऱ्या काढून बसलो. लहान खोलीत मोठं मशीन मी स्वतः लावलं अशी सत्तावीस नावं निघाली. आतापर्यंत चौघांना फोन केला. दोघांना वाटलं मी नवीन एसी खपवतोय, त्यांनी फोन ठेवला. एका घरात आता भाडेकरू आहेत. हरमलच्या एका वहिनी म्हणाल्या, "चवथीनंतर या, आमच्या मुलाच्या खोलीतही तसाच वास येतो."