जाड थराचा सेल

ऑरगॅनिक, म्हणजे कार्बनी रेणूंचे सोलर सेल बनवणाऱ्यांना जाडीचा जाच असतो. प्रकाश शोषणारा थर बहुतेक वेळा १०० नॅनोमीटरच्या आसपास ठेवावा लागतो. जाड केला, की प्रकाशाने सुटलेले इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) बाहेर पडायच्या आधीच एकमेकांना गाठतात आणि फिल फॅक्टर, म्हणजे सेलच्या करंट-व्होल्टेज वक्राचा चौकोनीपणा, आपटतो. स्पिन कोटरवर (काच गरगर फिरवून थर पसरवणारं यंत्र) छोट्या काचेपुरतं हे जमतं. छपाई यंत्रात, सरकत्या प्लास्टिकवर तेवढी जाडी राखायची म्हणजे भिंगरीवर रांगोळी काढणं.

मी मेलबर्नला असल्यामुळे बीटीआर हा प्रकाश शोषणारा रेणू तसा गावातलाच. इथल्या विद्यापीठातल्या डेव्हिड जोन्स यांच्या गटाने २०१५ मध्ये त्याची ९.३ टक्के कार्यक्षमता प्रसिद्ध केली. आज प्रयोगशाळेतले सेल १९ टक्क्यांपुढे गेलेत, त्यामुळे त्या आकड्याचं कुणाला अप्रूप नाही. थर ४०० नॅनोमीटरपर्यंत जाड केला तरी ८ टक्के टिकतात, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

त्या दिवशी आधी नुसतं बीटीआर हॉट स्टेजवर (तापवता येणाऱ्या बैठकीवर) ठेवून पोलरायझिंग मायक्रोस्कोपखाली पाहिलं. तापमान चढलं तशा स्फटिकांच्या कडा विरल्या आणि काळे पट्टे एकेका बिंदूपाशी येऊन मिळाले. वरची काच सुईने जरा दाबली, तर अख्खं चित्र वाहायला लागलं. वाहतंय, तरी रेणू एकाच दिशेला कललेले. हीच नेमॅटिक, म्हणजे द्रव-स्फटिक अवस्था.

मग सेलची पाळी. बीटीआर आणि फुलरीनचा (इलेक्ट्रॉन घेणारा कार्बनचा रेणू) थर चढवलेली काच झाकणाच्या पेट्री डिशमध्ये, टीएचएफ या द्रावकाच्या वाफेत काही सेकंद ठेवायची. वाफेने रेणू सैल होतात आणि आपसूक नीट रचून बसतात. जास्त वेळ ठेवलं तर दाणे वाढून फिल्म वाया जाते, त्यामुळे डोळा घड्याळावरच.

“फिल्म ३०० नॅनोमीटरची आहे ना? मग कशाला मोजत बसतोस?” नगरचा सहकारी म्हणाला. सोलर सिम्युलेटरखाली (कृत्रिम सूर्यप्रकाशात) करंट-व्होल्टेजचा वक्र आला, तो पातळ सेलसारखाच चांगला चौकोनी. त्याने काही न बोलता क्लिपा काढून पुन्हा लावल्या. वक्र तोच.

दुपारी छपाई विभागातल्या तंत्रज्ञाला आलेख दाखवला. जाडी बघून गडी खूश झाला. मग विचारलं, “रोल चालू असताना ही टीएचएफची वाफ द्यायची कुठे? पेटली म्हणजे?” वाफेऐवजी नुसत्या उष्णतेवर भागतं का, ते आता बघतोय.