माडाच्या गुळाचा थाई सॉस

थाई लोक शेंगदाण्याच्या सॉसमध्ये ताडगूळ घालतात. मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातला माडाचा गूळ घातला, म्हणजे फार लांब गेले नाही. अर्धी वाटी भाजलेले दाणे मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत फिरवले. त्यात पाऊण वाटी नारळाचं दूध, 2 चमचे चिंचेचा कोळ, सुपारीएवढा गूळ, लसूण आणि 4 सुक्या मिरच्या वाटून. फिश सॉस नव्हता, मीठच घातलं. आच जरा मोठी राहिली नि दूध फुटलं, वर लाल तवंग! डावभर गरम पाणी ओतून घोटलं, तेव्हा कुठे मिळून आलं.

आई चाखून म्हणाली, "ही तर दाण्याची आमटीच गो!"

काकडी बुडवून बुडवून वाटी मात्र तिनेच संपवली.