पिंजरा कुठल्या फांदीला टांगला आहे?

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडे परभणीजवळच्या आमच्या गावी जात असू. रात्रीची जेवणे आटोपली की माळवदावर पाणी शिंपडायचे, वाकळा अंथरायच्या आणि आजीभोवती दाटीवाटीने बसायचे, हा नेम ठरलेला असे. राक्षसाचा जीव पोपटात असतो ही गोष्ट तिने आम्हाला किती वेळा सांगितली असेल याचा हिशेब नाही. एका रात्री माझ्या धाकट्या भावाने मध्येच विचारले, "आज्जी, पिंजरा कुठल्या फांदीला टांगलाय?" अडकित्त्यातली सुपारी कातरणे क्षणभरही न थांबवता ती म्हणाली, "बारवेकडच्या. वाळल्याली फांदी हाय ती. हिरव्या फांदीला टांगला असता तर पोपट पानं बघून वरडला असता."

गेल्या महिन्यात शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत एक विषय निघाला आणि ते उत्तर मला आठवले. नाथमाधवांच्या 'वीरधवल'वर आज कोणी चित्रपट काढायचा ठरवला तर तो कोणत्या दिग्दर्शकाच्या हाती द्यावा, असा तो विषय होता. १९१३ सालची ही अद्भुतरम्य कादंबरी आमच्या आधीच्या दोन पिढ्यांनी लहानपणी कंदिलाच्या उजेडात वाचली आणि आम्ही ग्रंथालयातल्या पाने सुटलेल्या प्रतीतून वाचली. सहकाऱ्यांनी लगेच नावे घेतली, आणि ती बहुतेक सगळी भव्य ऐतिहासिक चित्रपट काढणाऱ्यांची होती. गड, मशाली, घोडदळ आणि संगणकावर उभे केलेले सैन्य ज्यांना जमते त्यांना अद्भुतही जमेल, असा त्यामागचा विचार होता. मला तो मुळातच चुकीचा वाटतो. भव्यता पैशाने उभी करता येते, परंतु पिंजरा कुठल्या फांदीला आहे हे ज्याला माहीत नाही त्याच्या राक्षसाला कोणतेही मूल घाबरत नाही.

या बाबतीत माझ्यासमोर पहिले उदाहरण नेहमी सत्यजित राय यांचेच येते. त्यांचे आजोबा उपेंद्रकिशोर राय चौधुरी यांनी १९१५ साली 'संदेश' या मुलांच्या मासिकात गुपी आणि बाघा या दोन बेसूर गावकऱ्यांची गोष्ट लिहिली, आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. नातवाचा जन्म त्यानंतर सहा वर्षांनी झाला. म्हणजे आजोबांच्या तोंडून गोष्ट ऐकण्याचे भाग्य रायांना लाभले नाही. पुढे त्यांच्या लहान मुलाने, संदीपने, मुलांसाठी काहीतरी काढा असा हट्ट धरला आणि १९६९ साली 'गुपी गायेन बाघा बायेन' पडद्यावर आला. पैशाची एवढी ओढाताण होती की संपूर्ण चित्रपट कृष्णधवल ठेवावा लागला आणि रंग फक्त शेवटच्या प्रसंगापुरता परवडला. तरीही त्यातला भुतांचा नाच पाहताना काही उणे आहे असे एकदाही वाटत नाही. भुते आली आणि नाचली, एवढेच सांगून मूळ गोष्ट पुढे सरकते. रायांनी मात्र बसून विचार केला की ही भुते नेमकी कोणाची असतील. जिथे माणसे मेली तिथली भुते असणार, म्हणजे राजे असणार, शेतकरी असणार, गोरे साहेब असणार आणि खाऊन सुटलेले लठ्ठ लोकही असणार. मग या चार जातींना त्यांनी मृदंगम्, कंजिरा, घटम् आणि मोरसिंग अशी चार वाद्ये वाटून दिली आणि सुमारे साडेसहा मिनिटांचा तो नाच एकाही शब्दावाचून उभा केला. भुतांच्या राजाचा आवाजही त्यांनी स्वतःचाच दिला, यंत्रातून बदलून. आपल्या लाल कापडी बांधणीच्या वह्यांमध्ये ते पोशाख, मुकुट, दृश्ये आधी रेखाटून ठेवत असत. आजीने फांदीचे उत्तर जसे क्षणात दिले तसे क्षणात उत्तर देता यावे, यासाठी चित्रपटाच्या माणसाला आधी वह्याच्या वह्या भराव्या लागतात.

हा चित्रपट मी आमच्या सहावीच्या वर्गाला दाखवला होता. खिडक्यांना चवाळी बांधून अंधार केला, भिंतीवर चित्र टाकले आणि बंगाली संवाद मुलांना कळणार नाहीत म्हणून मी बाजूला उभा राहून प्रत्येक प्रसंगाचा अर्थ सांगू लागलो. दहा-बारा मिनिटे झाली असतील, तोच पुढच्या रांगेतला एक मुलगा मान न वळवता म्हणाला, "सर, तुम्ही सांगू नका, कळायलंय." मी गप्प राहून त्यांच्याकडे पाहत राहिलो. गुपी आणि बाघा एकमेकांच्या हातावर टाळी देऊन जेवण मागवतात त्या प्रसंगी वर्गातल्या जोड्यांनी आपापसात टाळ्या दिल्या होत्या आणि पुढच्या वेळी ताटात काय येणार याची चर्चा दबक्या आवाजात सुरू झाली होती. जादूचा नियम मुलांना पक्का समजला होता, म्हणून भाषेची अडचण उरली नव्हती.

कोणता दिग्दर्शक योग्य, हा प्रश्न हॅरी पॉटरच्या चित्रपटांमुळे फार स्पष्टपणे तपासता येतो, कारण तेच जग आणि तीच मुले वेगवेगळ्या हातांत गेली. पहिले दोन चित्रपट, २००१ आणि २००२ सालचे, ख्रिस कोलंबस यांनी केले. मुलांकडून काम करून घेण्याचा त्यांना दांडगा अनुभव होता आणि पुस्तकाचे पान न् पान पडद्यावर आले पाहिजे अशी त्यांची धडपड दिसते. त्या प्रामाणिकपणाला मी कमी लेखणार नाही, कारण कॅमेऱ्यासमोर फारशा न उभ्या राहिलेल्या मुलांना धीर देणे हे मोठेच काम असते. तिसरा चित्रपट अल्फोन्सो क्वारोन यांच्याकडे गेला. त्यांनी ती पुस्तके वाचलेलीच नव्हती आणि गिलेर्मो देल तोरो या दिग्दर्शक मित्राने खडसावल्यावर ती हाती घेतली, असे ते स्वतः सांगत आले आहेत. त्यांनी तिन्ही मुख्य बालकलाकारांना आपापल्या पात्रावर निबंध लिहायला सांगितला, तेव्हा एमा वॉटसनने सोळा पाने लिहिली, डॅनियल रॅडक्लिफने एक पान लिहिले आणि रूपर्ट ग्रिंटने काहीच लिहून दिले नाही. तिघांनी न कळत आपापल्या पात्रासारखेच वागून दाखवले. शिक्षक म्हणून मला या प्रसंगाचे फार मोल वाटते. मुलाला 'असे कर' असे न सांगता 'तू कोण आहेस ते मला सांग' असे विचारणारा माणूस त्या मुलांना मिळाला, आणि २००४ सालचा तो चित्रपट पाहताना पहिल्यांदाच ती मुले किल्ल्यात राहणारी वाटतात, किल्ला पाहायला आलेली वाटत नाहीत. पुस्तकातला बराच मजकूर त्यात गाळला आहे आणि त्याबद्दल अनेक वाचक आजही नाराज आहेत. मी नाराज नाही.

याच देल तोरो यांच्याकडे पुढे 'द हॉबिट'चे काम आले होते. ते २०१० साली त्यातून बाहेर पडले आणि चित्रपट पीटर जॅक्सन यांच्याकडे आला. टोल्किन यांचे हे १९३७ सालचे पुस्तक मुलांसाठी लिहिलेले, साधारण तीनशे पानांचे आहे. जॅक्सन यांनी त्याचे २०१२ ते २०१४ या काळात तीन लांबलचक चित्रपट केले. त्यांच्या कौशल्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही, परंतु त्याआधी त्याच लेखकाची महाकाव्यासारखी मोठी कथा तीन भागांत पडद्यावर आणल्यामुळे ही लहान गोष्ट त्यांना त्या मोठ्या कथेची प्रस्तावना म्हणूनच दिसली असावी. लेकरांचे डोळे मिटायला लागले की आजी गोष्ट आवरती घेई आणि राजपुत्राला दोन वाक्यांत घरी आणून सोडी. गोष्टीची लांबी ऐकणाऱ्याच्या वयावरून ठरते, हे मोठ्या यशानंतर विसरायला होते.

माझ्या म्हणण्याला छेद देणारे एक उदाहरण आहे आणि ते टाळणे बरे नाही. १९३९ सालच्या 'द विझर्ड ऑफ ओझ'चे दिग्दर्शक म्हणून व्हिक्टर फ्लेमिंग यांचे नाव लागते, पण चित्रीकरण सुरू झाले ते रिचर्ड थॉर्प यांच्या हाताखाली. त्यांना काढल्यावर काही दिवस जॉर्ज क्यूकर आले, नंतर फ्लेमिंग आले आणि फ्लेमिंग दुसऱ्या चित्रपटाकडे गेल्यावर कॅन्ससमधले प्रसंग किंग विडॉर यांनी पूर्ण केले. इतके हात लागूनही तो चित्रपट मुलांच्या मनात घर करून राहिला. माझ्या मते याचे कारण असे की घर मातकट रंगाचे आणि जादूचा देश रंगीत, हा त्या जगाचा नियम पक्का होता आणि आलेल्या प्रत्येकाने तो पाळला. पुस्तकातले चंदेरी बूट रंगीत पडद्यावर उठून दिसावेत म्हणून लाल झाले, तोही त्याच नियमाचा भाग होता.

काही वेळा लेखक स्वतःच दिग्दर्शक निवडतो. मॉरिस सेंडॅक यांनी 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' या आपल्या अगदी थोड्या वाक्यांच्या चित्रपुस्तकासाठी स्पाइक जोन्झ यांची निवड केली आणि २००९ साली आलेल्या त्या चित्रपटाची शेवटपर्यंत पाठराखण केली. नाथमाधव १९२८ सालीच गेले. शिकारीला गेले असता सिंहगडाच्या कड्यावरून पडून त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले होते, आणि पुढचे लेखन त्यांनी त्याच अवस्थेत केले. ज्याला स्वतः उठून दारापर्यंत जाता येत नव्हते त्याने आमच्या आजोबांना डोंगर, भुयारे आणि जंगले हिंडवली, हे ध्यानात ठेवून त्यांच्या वतीने दिग्दर्शक निवडायला हवा.

माझी निवड 'किल्ला' या मराठी चित्रपटाचे दिग्दर्शक अविनाश अरुण ही आहे. त्यांनी अद्भुतकथा केलेली नाही, हा आक्षेप सहकाऱ्यांनी घेतला आणि तो खरा आहे. राही अनिल बर्वे यांचे नाव एकाने सुचवले. 'तुंबाड'मध्ये त्यांनी खऱ्या पावसात जे जग उभे केले त्यातला लोभाचा नियम इतका घट्ट विणलेला आहे की मी त्यांच्यापुढे हात जोडतो, पण ती भीती मोठ्या माणसांसाठी आहे. मुलाला भीती दाखवताना त्याचा हात कोणीतरी धरलेला असावा लागतो. 'किल्ला'मध्ये मला तो धरलेला हात जाणवतो. वडील गमावलेला, आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात आलेला चिन्मय, मित्रांसोबत किल्ल्यावर जातो आणि मुसळधार पावसात एकटाच मागे राहतो. त्या प्रसंगी दगडी भिंती आपल्याला चिन्मयच्या उंचीवरून दिसतात. तिथे भूत नाही, राक्षस नाही, तरी त्या वाटेवर काहीही समोर येऊ शकेल असे वाटते. ज्याला नुसत्या पावसातून आणि दगडातून एवढे साधले त्याच्या हाती जादू दिली तर ती मुलाच्या डोळ्यांसमोरच घडेल, छताला टांगलेली राहणार नाही. कॅमेरा स्वतः हाताळणाऱ्या या दिग्दर्शकाला फक्त एक विनंती करावीशी वाटते, की पात्रांच्या तोंडी जडजंबाल दरबारी मराठी घालू नये, कारण तिच्यामुळे मुले पहिल्या पाच मिनिटांत परकी होतात.

आता आजी नाही आणि त्या वाड्याचे माळवदही उतरवून सिमेंटचे छत झाले. परवा त्याच छतावर भावाच्या मुलीला मी पोपटाची गोष्ट सांगत होतो. फांदीचा प्रश्न तिने विचारला नाही. तिने विचारले, "काका, पोपट रात्री काय करतो?" याचे उत्तर आजीकडून माझ्याकडे आलेले नव्हते. मी थोडा वेळ विचार केला आणि म्हणालो, राक्षसाचा जीवच त्याच्यात आहे, तेव्हा राक्षस झोपला की पोपटही झोपत असणार. ती बराच वेळ आभाळाकडे पाहत पडून राहिली. मग उठून बसली आणि म्हणाली, "मग तर राजपुत्रानं रात्रीच जायला पाहिजे."