पाच तारे, बंद कपाट आणि मागच्या गॅलरीतला जुना फ्रिज

तक्रार होती, "नवा फ्रिज वीज खातोय, काँप्रेसर बघा." माझ्याआधी कंपनीचा माणूस येऊन गेला होता. क्लॅम्प मीटर (तारेभोवती पकडून करंट मोजणारा) लावून, "करंट बरोबर आहे" म्हणून सही घेऊन गेलाही. असल्या तपासणीने माझं डोकं फिरतं. इन्व्हर्टर काँप्रेसर गरजेप्रमाणे वेग बदलत राहतो. त्या एका क्षणाचे अँपिअर बघून दिवसाचा खप कसा कळणार? त्यात पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेपैकी खरी कामाला येणारी किती, तो धरला नाही, तर व्होल्ट गुणिले अँपिअर हा हिशोबही फसवा.

मी एनर्जी मीटर लावतो, एकूण किती युनिट गेले ते मोजणारा. तो प्लग आणि सॉकेटच्या मध्ये बसतो. किमान एक अख्खा दिवस ठेवायचा, जमलं तर दोन, कारण फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये अधूनमधून बर्फ वितळवायला हीटर लागतो. तेवढी काही मिनिटं दीडशे-दोनशे वॅट जातात. हा हीटर ज्या मोजणीत आलाच नाही, ती मोजणी मी धरत नाही.

फ्रिज मात्र देखणा. दोन दारांचा, सहाशे लिटरच्या आसपास, लेबलवर पाच तारे. त्या घरातल्या मुलाने घेण्याआधी चार मॉडेलं ताडून पाहिली होती, आणि ते तो मला दोनदा सांगून झाला होता. फ्रिज बसवला होता लाकडी कपाटात, दोन्ही बाजूंना आणि वरून अगदी चपखल. मी कडेच्या फटीत बोटं घातली आणि लगेच मागे घेतली. पत्रा चांगलाच तापला होता.

जुन्या फ्रिजला मागे काळी जाळी असायची. आता बहुतेक फ्रिजमध्ये कंडेन्सरची, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी, नळी बाजूच्या पत्र्याच्या आतून फिरवलेली असते. आतली उष्णता तिथूनच बाहेर पडते. बाजू बंद केल्या की नळीतलं दाब-तापमान चढतं, काँप्रेसरला जास्त जोर लावावा लागतो आणि इन्व्हर्टरचा सगळा फायदा, म्हणजे मंद वेगाने निवांत चालणं, संपतो. रजई पांघरून पळायला लावल्यासारखं. किती जागा सोडायची ते पुस्तिकेत चित्रासकट छापलेलं होतं. ती पुस्तिका फ्रिजच्याच ड्रॉवरमध्ये, न फोडलेल्या पिशवीत मिळाली. सुतार माप फ्रिजचं घेतो, हवेचं कोणीच घेत नाही.

शिवाय फ्रीझर उणे २४ वर ठेवला होता. "जास्त थंड म्हणजे जास्त चांगलं ना?" उणे १८ पुरतं. वरच्या कप्प्यांना ४ अंश पुष्कळ.

मीटर काढला तेव्हा दिवसाला १.८ युनिट. कपाटाच्या फळ्या काढून, मोकळी जागा देऊन, तापमान बदलून पुन्हा लावला, तर १.२. लेबलवर वर्षाला ४१० युनिट लिहिलं होतं, म्हणजे दिवसाला साधारण १.१. लेबल खोटं नव्हतं. आयईसी ६२५५२ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार चाचणी १६ आणि ३२ अंशांच्या खोलीत, दारं बंद ठेवून होते. कपाटात कोंबलेल्या, दिवसभर उघडझाप होणाऱ्या फ्रिजला तो आकडा कसा लागू पडणार?

मुलगा खूश झाला. मग त्याच्या आई म्हणाल्या, "दादा, आमच्या जुन्यालाही लावून बघा की."

मला जुना आहे हेच सांगितलेलं नव्हतं. मागच्या गॅलरीत एकदारी, हाताने बर्फ काढायचा, पाण्याच्या बाटल्यांसाठी चालू ठेवलेला. आई दाराचं रबर साबणाच्या पाण्याने पुसतात. दारात कागद धरून ओढला तर तो घट्ट अडकला. इतकं जुनं गॅस्केट असं क्वचित दिसतं. मी मीटर लावला. दिवसाला ०.८ युनिट.

बिल का वाढलं ते इथे कळलं. आधी घरात ०.८ जात होते. नवा आल्यावर १.८ अधिक ०.८. कोणी बेरीजच केली नव्हती. नवीन कार्यक्षम फ्रिज घेऊन जुना मागे चालू ठेवणारी घरं मला वरचेवर भेटतात, आणि जुन्याचं काय करणार, हा प्रश्न दुकानातला विक्रेता कधीच विचारत नाही. तो तारे मोजून दाखवतो. तारे देताना फ्रिजचा आकार आणि प्रकार धरलेला असतो. मोठ्या फ्रिजला पाच तारे असले, तरी तीन ताऱ्यांच्या लहान फ्रिजपेक्षा तो जास्त वीज घेऊ शकतो. बघायचा आकडा वर्षाच्या युनिटचा. तो लेबलवरच असतो.

"म्हणजे जुनाच बरा होता," आई म्हणाल्या. तीन माणसांचं घर, नवा फ्रिज अर्धा रिकामा. आकडे त्यांच्याच बाजूचे होते. मुलगा माझ्याकडे बघत राहिला. पाच तारे, इन्व्हर्टर, सगळं बघून घेतलेलं. मी म्हटलं, "फ्रिज चांगला आहे. तुमच्या घराला मोठा आहे." हे त्याला त्या वेळी सांगायला हवं होतं का, हे अजून ठरत नाही. खरं होतं, पण त्याचा आता त्याला काही उपयोग नव्हता.

नंतर त्याने फोन करून विचारलं, नवा विकून लहान घेऊ का? नको, म्हटलं. तो विकला तर दुसऱ्या कुणाच्या तरी घरी तेवढीच वीज घेणार, आणि नवा लहान बनवायलाही ऊर्जा गेलेलीच असते. जुना बंद करा, रोजचे ०.८ तिथेच वाचतात. भंगारवाल्याला मात्र तसाच देऊ नका. त्यात आर-१३४ए आहे, कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून जास्त उष्णता धरणारा वायू. भंगारवाला नळी कापतो आणि तो हवेत सोडतो. मी सिलिंडर घेऊन येतो, वायू काढून घेतो, मग द्या.

तो तयार आहे. आईंनी अजून होकार दिलेला नाही.