ओढा ओलांडणारी वाहिनी आणि गाळाचा बंदोबस्त

छोटा उदेपूर भागातील एका डोलोमाइट खाणीच्या खड्ड्यात साठणारे गढूळ पाणी ओढ्यापलीकडच्या निवळण टाकीत नेण्यासाठी ३१५ मिलिमीटर व्यासाची एचडीपीई (एक प्रकारचे टणक प्लास्टिक) वाहिनी टाकायची होती, आणि तिचा आराखडा व देखरेख वडोदऱ्यातील आमच्या कचेरीकडे आली. खाणीचा गाळ ओढ्यात जाऊ नये म्हणून जी वाहिनी टाकायची, ती टाकतानाच ओढा गढूळ करणे मला पटत नव्हते. खालच्या अंगाला गावातील गुरे त्याच पाण्यावर येत असत. ठेकेदाराचा बेत मात्र पोकलेन थेट पात्रात उतरवून वाहत्या पाण्यातच चर खणण्याचा, आणि खाली एक कापड आडवे ताणून ठेवण्याचा होता.

असे कापड उतारावरून पसरत येणारे पाणी अडवण्यासाठी असते. वाहत्या प्रवाहात ते एकतर आडवे होते किंवा पाणी त्याच्या बाजूने वाट काढते. पाहणीला आलेल्या साहेबांना काहीतरी केल्याचे दिसते, एवढाच त्याचा उपयोग. खरी अडचण मातीची होती. पात्रात वाळू आणि गोटे होते, पण दोन्ही काठांवर काळ्या चिकण मातीचा जाड थर होता. कलाभवनात, म्हणजे वडोदऱ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, शिकलेला स्टोक्सचा नियम येथे कामाला आला; पाण्यात कण किती वेगाने खाली बसतो ते तो सांगतो. स्थिर पाण्यात ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण एक मीटर खाली बसायला साधारण दोन मिनिटे घेतो, ०.०१ मिलिमीटरचा कण सुमारे तीन तास, आणि ०.००२ मिलिमीटरचा चिकण मातीचा कण तीन दिवसांहून अधिक. म्हणजे काळी माती एकदा पाण्यात मिसळली की कोणत्याही कापडाने ती परत मिळत नाही. खणलेल्या मातीला वाहते पाणी लागूच न देणे, हाच उपाय उरतो.

पात्राखालून आडवे छिद्र पाडण्याचा पर्याय गोट्यांच्या थरामुळे आणि खर्चामुळे लवकरच बाजूला पडला. मग पावसाळा संपून ओढ्याची धार बारीक होईपर्यंत थांबायचे, वर आणि खाली वाळूच्या गोण्यांचे बांध घालायचे आणि वरचे पाणी पंपाने पुढे नेऊन सोडायचे, असे ठरले. आमच्या शेजारी नर्मदा कालव्यावर नोकरी केलेले एक काका राहतात. त्यांना नकाशा दाखवला तेव्हा ते म्हणाले, “पाणी उचलायची चिंता करू नका हो, ते सोडणार कुठे ते आधी सांगा.” त्यांचे म्हणणे रास्त होते, कारण पंपाच्या तोंडातून जोराने पडणारे पाणी स्वतःच पात्र उकरते. म्हणून सोडण्याच्या जागी ताडपत्री अंथरून तिच्यावर दगड रचले, आणि उचलण्याच्या तोंडाला मासे ओढले जाऊ नयेत म्हणून जाळी बसवली. एक पंप बंद पडला तर दुसरा तयार हवा, ही अट मी लेखी घातली. खर्चाची सर्वांत जास्त कुरकुर या बाबीवर झाली.

खरी कसोटी चरातील पाझराची होती. वरचे स्वच्छ पाणी आणि चरात साठणारे काळे पाणी यांचे पंप आणि नळ्या शेवटपर्यंत वेगळ्या ठेवल्या. पाझराचे पाणी काठापासून दूर, गवत असलेल्या सपाट जमिनीवर जिओटेक्स्टाइलच्या, म्हणजे पाणी झिरपू देणाऱ्या कापडाच्या, पिशवीतून सोडले, जेणेकरून ते जमिनीतच मुरेल. शिवाय जमिनीवरचा चर काठापर्यंत सलग न खणता काठाजवळ मूळ जमिनीचा एक पट्टा अखेरपर्यंत राखला, नाहीतर त्या चरातले पाणी उतारावरून थेट पात्रात आले असते. पात्रातील वरचे गोटे वेगळे रचून ठेवले, आणि काठाची माती दूर टाकून तिच्याभोवती बांध घातला.

एचडीपीई पाण्याहून हलकी असल्याने भरलेली वाहिनीही तरंगू पाहते. त्यामुळे तिच्यावर काँक्रीटची वजने आधीच बांधून वाहिनी काठावरच जोडून ठेवली होती; चर उघडा राहण्याचा वेळ त्यामुळे पुष्कळ कमी झाला. बुजवताना राखून ठेवलेले गोटे सर्वांत वर आले.

वरच्या आणि खालच्या बाजूचा गढूळपणा आम्ही मीटरने मोजत होतो, परंतु मीटर दाखवतो तो एनटीयूचा (गढूळपणाच्या एककाचा) आकडा म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम नव्हे, म्हणून त्याच मातीचे नमुने प्रयोगशाळेत तोलून दोहोंचा मेळ आधी घालून घेतला. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधील सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांत, ते नदी-ओढ्यांत सोडायचे असल्यास, निलंबित घन पदार्थांसाठी (पाण्यात तरंगत राहणाऱ्या गाळासाठी) लिटरला १०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. आमचे काम सांडपाण्याचे नसले तरी तीच मर्यादा आम्ही स्वतःला लावून घेतली. खणताना आकडा फारसा हलला नाही. तो चढला बांध घालताना आणि काढताना. म्हणून बांध काढण्यापूर्वी मधल्या कोरड्या पट्ट्यात थोडेसे पाणी सोडून तो धुतला, ते गढूळ पाणी पिशवीकडे उपसले, मग खालचा बांध आणि शेवटी वरचा बांध एकेक गोणी करत काढला. प्रवाह पूर्ववत होईपर्यंत पंप चालूच ठेवला.

काठांना उतार देऊन काथ्याची जाळी अंथरली आणि तिच्यात वाळा लावला. पहिल्या पावसाळ्यात उजव्या काठाची जाळी वळणाच्या जागी उचलली गेली, तेव्हा पायथ्याशी दगडांची ओळ वाढवून ती पुन्हा खुंट्यांनी बसवली, आणि दर मोठ्या पुरानंतर दोन्ही काठ पाहून नोंद करण्याचे काम खाणीच्या देखभाल वेळापत्रकात लिहून घेतले.